कोरड्या आठवड्यातली छत्री

...अहो, कसलं वादळ आणि कसलं काय! आकाश बघा, ढगाचा ठिपका नाही! बसा. आलाच आहात तर ऐका... पण आधी त्या खिडकीतून बाजूला व्हा, खाली पेंटर बघतोय. मी खिडकीत दिसलो तरी तो रंगाचे डबे झाकतो!

तुम्हाला सांगतो, काल टीव्हीवर त्या बाईनं नकाशावर हात फिरवून स्वच्छ सांगितलं, येता आठवडाभर हवामान कोरडं राहील. कोरडं! शिकलेली बाई, मागे एवढा थोरला नकाशा, वर उपग्रह का काय तो फिरतोय... आणि आमची गल्ली ऐकते कुणाचं? माझं! चौथीत शाळा सोडलेल्या गवंड्याचं! मी काय वेधशाळा आहे?

झालं काय, माझा उजवा गुडघा गेला. जन्मभर परांचीवर चढलो-उतरलो, जायचाच. मुलानं काठी आणली. मी म्हटलं, काठी म्हाताऱ्यांना लागते, ने परत. आणि माळ्यावरची जुनी लांब छत्री काढली. लोखंडी टोक, मूठ हातात घट्ट बसते. छत्री टेकत चालला की माणूस रुबाबदार दिसतो. दिसतो की नाही? पण पहिल्याच दिवशी, टीव्ही म्हणतोय कोरडं, मी निघालो छत्री घेऊन, आणि दुपारी धो धो! पुढं परत एकदा तेच! योगायोग हो, नुसता योगायोग! पण समोरची लाँड्रीवाली काय म्हणाली? "टीव्हीचं सोडा, काकांना हाडातून कळतं."

संपलं! मी छत्री घेऊन उंबरा ओलांडला की ती ओरडते, "काका निघाले, काका निघाले!" की गच्च्यांवरच्या चादरी भराभर आत, गाद्या आत, पापणी लवायच्या आत गल्ली रिकामी... आणि हा पेंटर शिडीवरून हात जोडतो, "काका, पाया पडतो, दोन दिवस बाहेर पडू नका, भिंतीला दुसरा हात मारायचाय." मार की! मी अडवलंय? तर म्हणतो, "मालक म्हणतात, काका घरात असतील तरच मार!" बघा! भिंत मालकाची, रंग मालकाचा, आणि कोंडून कोण? मी! मी काय वेधशाळा आहे?

खरं सांगून टाकावं म्हणता? काय सांगू? की बाबांनो, पाऊस नाही, माझा पाय गेलाय? चौथ्या मजल्याच्या कठड्यावरून सरळ चालणारा माणूस मी! त्यापेक्षा कोंडून घेतलेलं बरं. पलंग ते खिडकी, खिडकी ते पलंग. ही म्हणते, "अहो, ती काठी दाराआड आहे अजून." मी म्हटलं, तू भाजी चीर.

बसलोही असतो आठवडाभर. पण आज सकाळी शिंप्याची मुलगी त्याला न्यायला आली. शिंपी म्हणजे माझा जुना दोस्त, गल्लीच्या तोंडाशी दुकान, बायको गेल्यापासून एकटा. मुलीनं ठरवलं, आता कायमचं तिच्याकडे. कोरडा आठवडा ऐकून उघडा टेम्पो सांगितला, गादी, कपाट, शिलाई मशीन, सगळं वर... शिंप्याचा फोन. "मला कुठं जायचंय रे? पण लेकीपुढं कोण बोलणार! निदान निरोपाला तरी ये, का तिथूनच हात हलवतोस?"

आता? छत्री न्यावी तर पेंटर रडणार. न न्यावी तर मी पहिल्याच पायरीवर बसणार. उठलो. काठी काढली. हिनं चष्मा पुसून हातात दिला. म्हटलं, जाऊ दे. कळू दे सगळ्यांना. झालो म्हातारा, बघा काय बघायचं ते!

टक्... टक्... लाँड्रीवालीची इस्त्री हवेत. पेंटर शिडीवरून वाकून बघतोय. माझी मान खाली. आणि ती हळूच म्हणते, "आज छत्री नाही..." पेंटर म्हणतो, "काठी आहे." "म्हणजे छत्रीनं भागायचं नाही!" ...आणि एकच बोंब! "वादळ येतंय! वादळ!"

अहो, पायाकडे एकानं बघितलं नाही! शिडी खाली, शटर खाली, कुंड्या आत... मी ओरडतोय, "अरे गुडघा! गुडघा!" तर पेंटर म्हणतो, "ऐका, गुडघ्यातूनच कळलंय!"

टेम्पोवाल्यानं दोर सोडले. "उघडी गाडी, वर वादळ... मी नाही नेत." मुलगी निळ्याभोर आकाशाकडे बघतेय, टीव्हीवरच्या बाईचा हवाला देतेय, पण तो बधेल तर शपथ! गादी उतरली, कपाट उतरलं, मशीन परत खिडकीशी. आणि शिंपी, लबाड, डोळे पुसत माझ्या कानाशी म्हणतो, "तिची रजा आठवडाभराचीच आहे रे. तेवढे दिवस काठी सोडू नकोस."

म्हणजे रोज! सकाळ-संध्याकाळ, भर गल्लीतून, टक् टक्, सगळ्यांच्या देखत... ज्या काठीसाठी मी पोराशी भांडलो, तीच! सरका आता, फेरीची वेळ झाली. ती काठी द्या इकडे. आणि खाली कुणी विचारलं तर सांगा... हो, आहे मी वेधशाळा. वादळ आठवडाभर राहील.