सोनलने थांबवलेली मंगळागौर

अध्यक्षस्थानी बसलेल्या आदरणीय हौसाबाई, मंडळाचे विश्वस्त राघोदादा, आजची सत्कारमूर्ती आपली सोनल, आणि कोपरीतल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मंडळाची चिटणीस म्हणून निरोपाचं भाषण माझ्याकडे आलं. लिहून आणलंय, पण ते पर्समध्येच राहू दे. सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नाही. मी सारखी पाय बदलतेय, ते पुढच्या रांगेला दिसत असेलच. सोनल परवा नोकरीसाठी नागपूरला निघणार, आणि आपण बसलोय त्या लाकडी जमिनीची गोष्ट अजून पुरी झालेली नाही.

गेल्या श्रावणातली मंगळागौर आठवते ना? सभागृह भरलेलं, फुगड्या रंगात आलेल्या, हौसाबाई मधोमध खुर्चीत. सोनल जास्तीच्या सतरंज्या आणायला तळघरात गेली. ती इमारतींची इंजिनीअर, तिचं लक्ष सतरंज्यांवर थोडंच राहणार? या फळ्या ज्या सागवानी तुळयांवर आहेत, त्यांची टोकं तेव्हा तळघराच्या काँक्रीटच्या भिंतीत, खोबण्या करून रोवलेली होती. वर उडी पडली की खाली भिंतीलगत भुगा झडत होता. एक तुळई तर खोबणीत खाली खचलेली.

ती वर आली ती पांढरीफटक. ओरडावं, तर चेंगराचेंगरी व्हायची. ती आधी राघोदादांकडे गेली. "दादा, हॉल रिकामा करायला हवा. आत्ता."

"अगं, आमच्या बाबांनी स्वतः उभं राहून बसवलेलं सागवान आहे हे. कार्यक्रम झाल्यावर बघू."

मग ती हौसाबाईंच्या कानाशी वाकली. मी शेजारीच होते. सगळं ऐकून हौसाबाईंनी एवढंच विचारलं, "पोरी, खरा सांगतंस?"

"हो, आजी."

"मंग मना उठव." आणि मोठ्यांदा म्हणाल्या, "चला गो सगल्या, भायेर अंगनात खेलू!"

हसत-खिदळत बायका बाहेर गेल्या. आणि मग काय झालं? काहीच झालं नाही. जमीन जागच्या जागी राहिली. सोनलला खरा त्रास झाला तो त्यामुळेच! "उगाच घाबरवलं," अशी कुजबुज सुरू झाली. "चारचौघांत बाबांच्या कामाला नाव ठेवलंस," म्हणून राघोदादांनी तिच्याशी बोलणं टाकलं. ती माझ्या घरी आली. चहा तसाच निवत राहिला, आणि ती खिडकीपासून दारापर्यंत नुसत्या येरझाऱ्या घालत होती. "काकू, माझंच चुकलं असेल तर?" मी चहा परत गरम करायला ठेवला.

शेवटी मंडळाने फळ्या उघडल्या. खोबणीत हात घातला तो राघोदादांनीच. तुळईचं टोक भिजल्या पावासारखं त्यांच्या मुठीत आलं. सोनलच म्हणाली, "बाबांचं काम वाईट नव्हतं, दादा. तेव्हा असंच करायचे. काँक्रीट ओल धरतं, टोकांना हवा मिळत नाही, आणि लाकूड आतून कुजतं."

दादांना वाटलं, आता सगळं सागवान भंगारात जाणार. तिने मान हलवली. "कुजकी टोकं तेवढी कापू. तुळया आखूड होतील, तर आधारच पुढे आणू." भिंतीला लांब, जाड लाकूड बोल्टांनी घट्ट बसवलं, मध्ये ओल अडवणारी पट्टी घातली, आणि त्या लाकडावर ठोकलेल्या पोलादी ब्रॅकेटमध्ये एकेक तुळई बसवली. आता एकही लाकूड काँक्रीटला टेकत नाही, आणि सागवान बाबांचंच आहे.

काम झालं, पण बोलणं? ते नाही सुरू झालं. आज सकाळी राघोदादांनी मला बाजूला घेतलं. "मला माईकवर जमत नाही. तिला माझ्या वतीने दोन शब्द सांगा." तेव्हापासून माझी ही अशी चुळबुळ चाललीय.

एवढा वेळ शांतपणे ऐकून घेतलंत, खुर्च्या मांडणाऱ्यांपासून हार आणणाऱ्यांपर्यंत सगळे राबलात, मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात काही कमी-जास्त झालं असेल, तर पोटात घाला. आणि दादा, तुम्हीही मला क्षमा करा, कारण तुमचा निरोप मी पोचवणार नाही. सोनल तुमच्यापासून एका खुर्चीच्या अंतरावर बसलीय. तिथे माईक लागत नाही.

मी खाली बसते.