स्वतःचा नवरा पळवून नेल्याबाबत

ठिकाण: वेल्हे पोलीस ठाणे. तारीख: ९/७/२००४.

मी, साळूबाई रामभाऊ ओव्हाळ, वय अंदाजे साठ, धंदा शेती, राहणार वरवे बुद्रुक, तालुका भोर, जिल्हा पुणे. मी आपण होऊन आलेले नाही, मला एस.टी. स्टँडजवळ टेम्पो अडवून येथे आणले आहे. तरी जे विचारले त्याचे खरे उत्तर लिहून देते, ते असे.

मी वरील पत्त्यावर पती रामभाऊ यांच्यासह राहते. मुलगा अजित पुण्यात कंपनीत नोकरीस असून पत्नी संजीवनी व लहान मुलीसह तिकडेच दोन खोल्यांत राहतो. गेल्या दिवाळीच्या सुमारास माझ्या पतीस लकवा मारला. उजवी बाजू गेली व वाचा गेली. ‘व्हय’ एवढा एकच शब्द राहिला. भूक लागली तरी व्हय, जेवण नको असले तरी व्हय. त्याआधी जन्मभर या माणसाने माझ्या कुठल्या बोलण्याला व्हय म्हटले नव्हते, हेही लिहावे. हवालदार म्हणाले, याची गरज नाही. मी लिहायला सांगितले.

त्यांचे सगळे मी घरीच करत होते. बुद्धपौर्णिमेच्या आदल्या आठवड्यात त्यांना खाटेवरून उठवताना माझा तोल गेला व उजवे मनगट मोडले. प्लास्टर घातले. तेव्हा अजित जीप घेऊन आला व म्हणाला, बाबांना पानशेतच्या बाजूला एका नर्सिंग होममध्ये ठेवू, तुला विसावा मिळेल, त्यांचेही नीट होईल. मी “ठिव” म्हणाले. संजीवनीचे बाळंतपण भोरला नर्सिंग होममध्येच झाले होते. तिथे माणूस बरा झाला की घरी सोडतात, एवढे मला माहीत होते. संमती दिली का, असे विचारल्यावरून सांगते की दिली. कशाला दिली ते आज कळले.

प्लास्टर निघाल्यावर मी शेजारच्या फोनवरून अजितला डिस्चार्ज कधी, असे दोनतीनदा विचारले. तो “बगू” म्हणाला. आज गावातील चिमाजी टेम्पो घेऊन पानशेतला हॉटेलांना भाजी द्यायला निघाला, त्याच्याबरोबर मी गेले. पतीचे धुतलेले धोतर, सदरा व घोंगडी सोबत घेतली.

तेथे मोठा बंगला आहे. व्यवस्थापक बाईंना मी डिस्चार्जचे विचारले. त्या म्हणाल्या, “आजी, इथून डिस्चार्ज नसतो. इथं माणसं कायमची सांभाळतो.” मला कळले नाही, म्हणून परत विचारले. त्यांनी परत तेच सांगितले, जरा मोठ्याने. मी बहिरी नाही, असे त्यांना सांगितले.

माझे पती स्वच्छ होते, दाढी केलेली होती. त्यांच्या पाठीला पडून पडून जखम झाली होती, ती माझ्याच्याने काही केल्या बरी होत नव्हती. बाईंनी त्यांना कुशीवर करून दाखवले, जखम वाळली होती. मला बरे वाटले आणि फार वाईटही वाटले. का, ते सांगता येत नाही.

पतीने डाव्या हाताने माझा पदर धरला. मी विचारले, “घरी येता का?” ते व्हय म्हणाले. बाईंनी विचारले, “बाबा, इथंच राहायचं ना?” ते व्हय म्हणाले. बाई मला म्हणाल्या, बघा. मीही बाईंना म्हणाले, बघा.

बाईंचे म्हणणे पडले की अजितची सही आहे, त्याच्या सांगण्याशिवाय पेशंट देता येत नाही. मी बायको आहे म्हटल्यावर त्यांनी काही कागद आहे का विचारले. आमच्यात तेव्हा लग्नाचे कागद करत नसत आणि वऱ्हाडातली निम्मी माणसे आता हयात नाहीत. अजितला फोन लावला, तो लागला नाही. चिमाजीला परतायचे होते. तेव्हा आम्ही दोघांनी पतीस चाकाच्या खुर्चीवरून टेम्पोत नेऊन झोपवले. चोरून नेले का, असे विचारल्यावरून सांगते की भर दुपारी, दोन नोकर जेवत असताना त्यांच्यासमोरून नेले. खुर्ची जागेवर परत ठेवली. पाबे घाट उतरून वेल्ह्यात आलो, तेथे बाईंचा फोन आल्यावरून पोलिसांनी अडवले.

निरोप गेल्यावर अजित व संजीवनी संध्याकाळी ठाण्यात आले. अजित रागावला नाही. तो म्हणाला, “आये, बाबा तुला उचलायचे न्हाईत. परत पडलीस तर दोगांचं कोन बगंल?” ते खरे आहे. मी म्हणाले, “मग मला इचारलं का न्हाईस?” तो म्हणाला, “इचारलं की. तूच ठिव म्हन्लीस.” तेही खरे आहे. संजीवनी म्हणाली, “आत्याबाई, तितनं परत यायचं नस्तं, ह्ये तुमाला सांगायचं ह्यांच्यानं झालं न्हाई.”

मी साहेबांना विचारले, अशा माणसाचे कुणी ठरवायचे, बायकोने का मुलाने? साहेब म्हणाले, यात दोघांचाही गुन्हा दिसत नाही, पेशंटलाच विचारू. पतीस व्हरांड्यात बाकावर टेकवून बसवले होते. साहेबांनी विचारले, पानशेतला जायचे का? व्हय. घरी जायचे का? व्हय. बायकोने जबरदस्तीने आणले का? व्हय. हवालदार लिहायचे थांबले.

माझी मागणी काय, असे विचारल्यावरून सांगते की त्यांच्या व्हयवरून काही ठरवू नये, तो माझ्या बाजूचा असला तरी. अजितचे चुकले असे माझे म्हणणे नाही. माझे बरोबर आहे असेही म्हणवत नाही. घरी नेले तर पाठ पुन्हा चिघळेल, याची मला भीती वाटते. तिथे ठेवले तर कुणीही काही विचारेल, ते व्हय म्हणतील आणि विचारणारा निघून जाईल. त्यातला कोणता व्हय म्हणजे नको आहे, हे ओळखणारे तिथे कुणी नाही. मला ओळखता येतो का, असे विचारल्यावरून सांगते की दर वेळी नाही.

आज मी त्यांना घरी नेते. अजित रविवारपर्यंत आमच्याजवळ राहतो म्हणाला आहे. पुढे पानशेतला न्यायचे ठरले तर मला उलगडून सांगावे, मग मी काय ते बोलेन. माझी कुणावर तक्रार नाही.

हवालदारांनी हे सर्व मला मोठ्याने वाचून दाखवले. मी बोलले तेच यात आहे. अंगठा लावताना मनगट वळेना, तेव्हा अजितने “धरू का, आये?” असे विचारले. मी “धर” म्हणाले.