आईची डबी

— जुळतात? जरा मोठ्यानं सांगा ताई, आत स्वयंपाकघरात ऐकू जाऊ दे. बाळाच्या पोटातले जंतू आणि आईच्या पोटातले जंतू, आता अगदी एका घरचे — असंच म्हणालात ना? बसा हो, ती दुपटी सरकवा नि बसा. दवाखान्यातून पहिल्या तपासणीला आलात तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात, फारसे जुळत नाहीत, पोट फाडून काढलेल्या बाळांचं होतं असं, धीर धरा. धरला की! दोघांच्या शीच्या डब्या भरून दिल्या, नाक मुरडलं नाही. तुम्हाला काय सांगू, काय काय ऐकून घेतलंय मी इथं. कळा न सोसता आयतं पोर मिळालं म्हणे मला. लाँड्रीत परत कामाला लागले, दिवसभर उभ्यानं हॉटेलच्या चादरींना इस्त्री करताना दूध आटलं, तर सासूबाई जिन्यात शेजारणीला सांगतात — "आई नावापुरती, पोर माझंच." बाटली त्या देतात, झोपवतात त्या, स्वतःच्या उष्ट्या चमच्यानं भरवतात. मी तोंड उघडलं की नवरा म्हणतो, मग राहा घरी. राहते हो, घर कोण चालवेल? पण कामावरून आले की छातीशी घेऊन झोपते मी त्याला — तेव्हाच गेले असतील ना माझ्यातले त्याच्यात? जातात ना? बघा! दूध आटलं म्हणून आई आटते का!

कुठली डबी म्हणालात? गेल्या खेपेची? छे, त्या सकाळी मी घरी कुठे होते — पहाटेच बोलावलं होतं कामावर. माझी डबी मोरीच्या फळीवर तशीच राहिली, रिकामी. संध्याकाळी दिसली नाही, वाटलं तुम्ही रिकामीच नेलीत. भरलेली होती? कुणी दिली तुमच्या हातात?

सासूबाईंनी? हं, त्यांचा स्वभावच तसा. पोरगी हेलपाटा घालून आलीय, रिकाम्या हातानं कशी पाठवायची — सून काय नि सासू काय, घरातलीच बाई, डबी भरल्याशी कारण.

हळू बोला ताई. नाही, नवी डबी नको. माझी नकोच आता. रडतोय बघा तो, घेते मी, थांबा, मीच —

राहू दे. गप्प झाला. घेतलं त्यांनी.

या तुम्ही. जिन्यात अंधार आहे, जपून उतरा.