शेजारच्या घरचा वास

नाही नाही, आत नका जाऊ मॅडम — माय मलेच चुलीपाशी येऊ देऊन नाही राहिली. बसा इथं खाटेवर. तुम्ही पुण्याहून सानगडीले आल्या, तेही माहं साकोलीचं भाषण ऐकून! काय बोललो होतो जी मी — 'जेवण म्हणजे संस्कृती, माह्या मायच्या हातचे झिंगे-वांगे म्हणजे आमच्या तळ्याचा इतिहास!' टाळ्या पडल्या. तुम्ही पुस्तकात घेतो म्हणल्या. पण खरं सांगू? बारा वर्सं झाले, या घरात झिंगे शिजलेच नाही.

काहून म्हणजे? माह्यामुळं! चौऱ्याहत्तरची गोष्ट, मी नवा मास्तर, मोठे साहेब जेवाले आले. श्रीखंड-पुरी केली, चमचे मागून आणले — अन् मायनं साहेबासाठी म्हणून हौशीनं झिंगे टाकले कढईत. झिंग्याचा वास लपते का? साहेबानं नाक वर केलं. तर मी, हा संस्कृतीवाला केवळराम मास्तर, पटकन म्हणलो, 'शेजारच्या घरचा आहे साहेब, अडाणी लोकं!' शेजारी कोण? भैयाजी — गळ्यात तुळशीची माळ, कांदा नाही खात बिचारा! सकाळी भांडाले आला. अन् साहेब निघाला कोकणातला — मागून समजलं, वासानं तोंडाले पाणी सुटलं होतं त्याच्या! हासा, हासा. मीही हासतो. पण मायनं दाराआडून ऐकलं होतं. कढई उचलली अन् मागच्या दारानं तिच्या मैत्रिणीच्या, तुळसाबाईच्या घरी नेऊन ठेवली. तवापासून झिंगे खायचे असले का तिथंच जाऊन रांधते, तिथंच खाते. अन् मी? मी भाषणं देतो. लाज वाटते जी. माफी मागायची होती, पण मास्तराले शब्दच नाही सुचले — सभेत बरोबर सुचतात!

आज तुमच्यासाठी कढई परत आणली तिनं. वास येऊन राहिला ना? बारा वर्सांनी, माह्याच घरातून! मी म्हणलो, माय, मलेही वाढजो. काल चक्का टांगला होता तिनं, तोही तुमच्यासाठीच असंल —

आली, आली. घ्या, हे ताट तुमचं. तिखट आहे, भातासंग खाजा. अन् माय, माहं?

... हं. श्रीखंड-पुरी. चमच्यासकट.

जेवा तुम्ही मॅडम. माह्याकडे नका पाहू.