म्हशाच्या जत्रेतलं भूत

नाय गो बाय, चंदर नावाचा आमच्यात कोनी नवताच. उगाच तंगडतोड केलीत तुमी. मुंबईवरनं शहापूर, शहापूरवरनं किन्हवलीची एसटी, किन्हवलीवरनं त्या पोराची रिक्षा — नि कशापायी, तर आजाचं गाव बघायचंय म्हनून. बसा, बसा, उठू नका. च्या ठेवलाय. भावना, दूध घाल गो जास्ती, पाव्हनी मुंबईची हाय. ती माझी सून. ऐकतेय ती आतनं — बांगड्या वाजायच्या थांबल्या म्हंजे ऐकतेय. ऐकू दे. तर काय म्हनत होतो मी? हां, नवताच. गोजर माझा आजा, ते खरं. तुमच्या चर्चाच्या वहीत योसेफ, आधीचं नाव चंदर, बापाचं नाव गोजर, तालुका शहापूर असं लिवलंय, ते बी खरं असंल. पादरी कशाला खोटं लिवंल? पन गोजर काय एकच जलमला तालुक्यात? — एकच असंल म्हना. मला तरी दुसरा ठावं नाय. पन मी कुठं सगळा तालुका फिरलोय?

ते भिंतीचं परत सांगा मला. मघाशी नीट कळलं नाय. बाप्तिस्मा चर्चाच्या वहीत गावला, मंग दफनभूमीच्या वहीत पुरल्याचं गावलं, नि जागेवर जाऊन बघता तर थडगंच नाय? का नाय? — दोन-चार वर्सांनी हाडं काढतात नि तोच खड्डा दुसऱ्याला? अगो बया. आमच्या रोपाच्या वाफ्यासारखंच की हे — औंदाचं रोप उपटलं, फुडल्या साली त्याच वाफ्यात राब भाजायचा नि नवं पेरायचं. नि हाडं? भिंतीत? खानं केलेत भिंतीत? टपाल ठेवतात तसे? नि त्याच खान्यात तुमची आजी बी? — बघा, म्हंजे दोघांना मुंबईत पक्की खोली भेटली. आमच्या आदेशला कल्यानात भेटंना. आदेश माझा पोरगा, भिवंडीला गोदामात हाय, येईल सांजच्याला. हसा, हसा, मी बी हसतोय. मेलेल्या मानसावर हसू नये, पन इतक्या वर्सांनी चालतं, तो बी भिंतीत हसत असंल.

तर इथंच तुमचं चुकतंय बघा. तुमचा चंदर पुरलेला. आमचा चंदर जाळलेला. माझ्या बापानं, भिमानं, सोताच्या हातानं आग दिली त्याला. एका मानसाला दोन मरनं कशी येतील? — काय? आत्ताच नवताच म्हनलो? तसं न्हवं. नवता म्हंजे — आता नाय. होता. माझ्या बापाचा थोरला भाऊ. माझा चुलता, पन मी बघितलेला नाय, जाळला तवा मी रांगत होतो. आता तोंडातनं गेलंच तर जाऊ दे, मेलेला मानूस कोनाच्या अंगावर येतोय? भावना, तू च्या बघ, उतू जाईल.

मढं कुठं होतं म्हनता? मढं नवतंच. तेच तर सांगतोय. भात झोडून झालं नि चंदर मुंबईला गोदीत कामाला गेला, शिमग्याला येतो म्हनला. शिमगा आला, गेला. दुसरा आला, गेला. चिठी नाय, निरोप नाय, आनि चिठी आली असती तर वाचली असती कोनी? माझी आजी, त्याची आई, रोज सांजच्याला बांधावर जाऊन उभी राहायची. अशी बारा वर्सं बघायची असते वाट. बारा सरली की धरायचं, गेला. नि गेलेल्याला आग नाय दिली तर तो ना इकडचा ना तिकडचा. मंग काय करतात — पळसाचा मानूस करतात. पानांची देठं हाडांच्या जागी, डोक्याला नारळ, वरनं पानांचं अंग. धोतर नेसवलं, पागोटं बांधलं, तिरडीवर निजवला, चौघांनी खांद्यावर घेतला. हलका म्हंजे एवढा हलका की चौघं पळतच गेले म्हनं, आजी मागनं वरडतेय — हळू न्या रे माझ्या पोराला. नदीवर बाप माझा मडकं घेऊन त्याच्याभवती फिरला. दहावं केलं, पिंडाला कावळा बी शिवला. आता मानूस जिता असता तर शिवला असता? — कावळ्याला काय, भूक लागली असंल. हां, ते बी तुमचं खरंच.

बरं, कावळा सोडा. पक्का पुरावा देतो. त्याचं भूत झालं. आता भूत झालं म्हंजे मेला, का नाय? ही गोष्ट अख्ख्या किन्हवलीला ठावं हाय. मी होळीफुडं सांगायला बसलो की पोरं एकमेकांला चिकटून बसतात, नि बूट आले की हसून लोळतात. जाळल्याच्या फुडच्या पौषात बाप माझा बैल घ्यायला म्हशाच्या जत्रेला गेला. भर दुपार. बैलबाजारात ही गर्दी, हा धुरळा. एका बैलाचं तोंड उघडून दात बघतोय, नि मागनं हाक आली — भिमा. वळतो तर चंदर. वर्साआधी राख केलेला. अंगात कोट, अंगानं भरलेला, हसतोय. बापाची बोबडी वळली. पन तो बी काय अगदीच कच्चा नवता — भुताचे पाय उलटे असतात, तर त्यानं आधी पाय बघितले. पायात बूट. आता बुटातला पाय उलटा का सुलटा, कसं कळनार? — बुटाची टोकं कुठं होती? फुडंच असतील की. पन आत काय होतं ते कोनी बघितलंय? तर बाप दडला बैलांच्या मागं. भूत आलं बैलांतनं वाट काढत. परत हाक मारली — अरे भिमा. ओ नाय दिली बापानं. द्यायचीच नसते. भूत दोनच हाका मारतं, तिसरी त्याला येत नाय. तिसरी आली तर समजायचं मानूस, मंग ओ द्यायची. तुमच्याकडं नाय ही रीत? आमच्याकडं हाय. म्हनून बाप बसला बैलाच्या पोटाखाली, डोळे मिटून, तिसरीची वाट बघत. आलीच नाय. डोकं काढून बघितलं तर कोनी नाय, नुस्ता धुरळा. बैल न घेताच घरी आला नि तापानं फनफनला. मंग गावात वाद लागला, तो माझ्या लग्नापातूर चालला होता — भुताला बूट आले कुठनं? कारन पळसाचा मानूस तर आमी अनवानी जाळलेला.

काय झालं? हसताय का रडताय? भावना, पानी आन गो, पाव्हनीला ठसका लागला. — काय म्हनलात? हळू सांगा, मी जुना मानूस, माझ्या कानातनं डोक्यात जायला येळ लागतो. तुमच्या आजानं सांगितलं? तुमच्या बापाला? म्हशाच्या जत्रेला गेला होता — कोन, योसेफ? बोटीवर खलाशी होता. लढाई लागली, बोट कुठं कुठं फिरली, सुटला तर दुसऱ्या बोटीवर. मंग एकदाचा मुंबईत उतरला, कोट घेतला, बूट होतेच बोटीवरचे. गावाला निघाला नि आधी जत्रेत गेला, गावचं कोनी भेटंल म्हनून. हां. नि भाऊच दिसला, पाठमोरा. हाक मारली. भाऊ वळला — नि त्याच्या तोंडाकडं नाय, बुटांकडं बघितलं नि दडला. परत मारली हाक. वाकून बघतो तर भाऊ बैलाच्या पोटाखाली, डोळे गच्च मिटलेले. मंग? मंग काय म्हनला तुमचा आजा? — म्हनला, समजलो. वाटा मागायला आला वाटलं भावाला, म्हनून ओळख देत नाय. नि तसाच मागं फिरला. मरंपातूर तेच म्हनत राहिला — जमिनीच्या तुकड्यापायी माझ्या भावानं माझ्याकडं बघून डोळे मिटले.

अगो, थांब. थांब जरा, मला उभं राहू दे. अगो, माझा बाप भित्रा होता. भित्रा. लबाड नवता गो तो, नुस्ता भित्रा. रातीला परसाकडं जायचं तर आईला उठवायचा. वाटा कसला नि जमीन कसली — त्या बैलाच्या पोटाखाली बसून तो मनात काय म्हनत होता ठावं हाय? त्यानंच सांगितलंय मला, म्हातारपनी, गोष्टीतला तेवढा भाग तो पोरांफुडं सांगायचा नाय — म्हनत होता, मार रे दादा, एक अजून मार, भूत असलास तरी मार. नि हा तिकडं बूट घालून रुसला. एक हाक मारायला काय जात होतं याचं? अख्खी लढाई बघून आला नि एक हाक जड झाली. गाढव गो, दोघं बी गाढव, एक बैलाखाली नि एक बैलाबाहेर. बघ, मला हसू आवरंना. ही गोष्ट मी जलमभर भुताची म्हनून सांगितली नि भूत मुंबईत लगीन करून पोरंबाळं घेऊन बसलेलं. बाप्तिस्मा कवाचा म्हनलीस? त्याच साली, पौषानंतर? मंग बरोबर हाय. चंदर तर आमी जाळून टाकला होता, त्या बापड्याला ठावं बी नसताना. नवं नाव घेनार नाय तर काय करनार.

तोंड इकडं कर. उजेडात. हां — माझ्या आजीचं असंच होतं, हसताना एक डोळा बारीक. हिराबाई नाव तिचं. तुझ्या वहीत चंदरच्या आईचं नाव नाय ना लिवलेलं? लिव तिकडं, हिराबाई गोजर. मी कशाला नवताच म्हनत होतो, सांगू? सांगतोच, आता काय लपवायचं. तू सरपंचाकडं फोन केलास ना, तवाच आदेश मला म्हनला — बाबा, मुंबईची बाई येतेय चंदर गोजरचं घर इचारत, तुमी नवताच म्हना. नवा रस्ता येतोय, जमिनीला भाव आलाय, शहरातली मानसं उगाच जुनी थडगी शोधत फिरत नायत. — वाईट नाय गो तो. भ्याला. आमच्यात भ्यायची चालच हाय, बापाकडनं आलेली. पन बघ ना, तो योसेफ जे म्हनत मेला ते माझ्या बापानं कवाच केलं नवतं, नि ते मी आज करत होतो. मघाशी. इथं ओटीवर बसून, तुला च्या ठेवून. मला वाटा नको, असं म्हनू नकोस. नको का पायजे, ते तू नि आदेश बसून बोला, मला त्यातलं कळत नाय. आधी ओळख. वाटा मागनं.

नि मेला कवा तो? — म्हंजे तवा मी नांगर धरत होतो. कोनी सांगितलंच नाय आमाला. आज कळलं. आज कळलं म्हंजे आज सुतक. हसू नकोस, खरं सांगतोय. भावकीतला मानूस गेल्याचं चाळीस वर्सांनी कानावर आलं तरी हाय त्या कपड्यानिशी डोक्यावरनं पानी घ्यायचं. परक्यासाठी नाय घेत कोनी. आदुगर केलं ते पळसाच्या मानसाचं केलं, चंदरचं राहिलंय. नि मोरीत नाय घेनार मी. मारुतीफुडच्या हिरीवर जानार. आत्ता तिथं बायका धुनं घेऊन बसल्यात, त्या इचारतीलच — धर्माबाबा, कोनाचं सुतक? सांगीन, माझ्या चुलत्याचं, चंदर गोजरचं, त्याची नात आलीय ओटीवर. दिवस बुडायच्या आत किन्हवलीपातूर गेलेलं असंल. मंग नवताच म्हनायला कोनाची जीभ उचलते बघू.

भावना, ऐकलंस ना सगळं? मंग ये भाईर. तुझ्या बी डोक्यावरनं पानी. नि आदेशला फोन लाव, सांग, सुतक हाय, घरात शिरायच्या आधी हिरीवर जा. कोनाचं म्हनून इचारंल. सांग, तुझी चुलतबहीन बसलीय ओटीवर, तिला इचार.

तू उठू नकोस गो अनिता. च्या पी, निवला तो. टोपी काय काढू, टोपीसकट घेतात पानी. हात सोड माझा, म्हातारा झालोय पन हिरीत पडनार नाय. नि आता मला काय इचारू नकोस. पानी अंगावर पडंपातूर मी कोनाशी बोलनार नाय.