होडीच्या चित्रातले बाबा

मासे मोजा. शीड रंगवा. बाबांना शोधा.

गोराईच्या बोटीच्या रांगेत माझ्यापुढे एक आजी आणि बालवाडीच्या बाई उभ्या होत्या.

"लिओना, आमच्या बडबडगीताचं पुस्तक केलंस, छान केलंस. पण होडीत बाबा का नाही गं?"

"तुमच्या नेव्हिलचं तसं झाल्यावर मीच काढून टाकला, आंटी. तुमच्या नातीला वर्गात त्रास नको म्हणून."

"मग खाली 'बाबांना शोधा' कशाला ठेवलंस? बाई झालीस ना तू?"

"ते बदलायचं राहिलं. जोआनाने काही विचारलं का?"

"विचारते कसली. नखाने समुद्र खरवडत बसली. कागद फाटला तरी थांबेना. पाण्याखाली असेल म्हणते."

"मी तिला दुसरं पुस्तक देते."

"त्यात आहे का तो?"

नेव्हिलची होडी मे महिन्यात रिकामी सापडली होती.