छत्तिसावा डबा

दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर एक वडील आणि त्यांची मुलगी बसली होती. वडिलांचा उजवा हात थरथरत होता, म्हणून त्यांनी तो डाव्या हाताने धरून ठेवला होता.

"काल दुकानाच्या काचेत डबे रचलेस का?"

"रचले, बाबा. तुमच्यासारखेच, खालून वर एकेक कमी करत. पण आठ उरले. मालक म्हणाले, बाबांची सर नाही."

"तळाला किती घेतलेस?"

"सात."

"अगं वेडे, आठ! ते उरले ना, तीच तुझी तळाची ओळ."

"अय्या! म्हणजे खोक्यातले सगळे संपतात?"

"एकूण एक. खोक्यात सहा ओळी, प्रत्येकीत सहा. झाले छत्तीस. काचेत तळाला आठ, मग सात, मग सहा, असं करत टोकाला एक. तेही छत्तीसच! चौकोनातही बसतो, त्रिकोणातही. काय गुणी आकडा आहे!"

"असा दुसरा नाहीच?"

"आहे ना. छत्तीसच्या पुढे थेट बाराशे पंचवीस. तळाला एकोणपन्नास डबे लागतील."

"मालक छप्पर फोडू देतील?"

"म्हणून तर छत्तीस. इतकी वर्षं रचतोय, अजून मन भरत नाही बघ."

"आज मोडून पुन्हा रचते. पण बाबा, टोकाचा डबा ठेवताना धडकी भरते. सगळं कोसळलं तर?"

"पस्तीस तू ठेव. छत्तिसावा मी ठेवीन."

"या हाताने?"

"एकच तर ठेवायचाय. तू मनगट धर."